काजूला बिबो का म्हणतात?

प्रश्न : मी आचऱ्याचा, सासुरवाडी पेडण्याची. मार्च-एप्रिलात तिकडे गेलो की सासूबाई ओल्या काजूगरांची भाजी करतात आणि तिला 'बिब्यांची भाजी' म्हणतात. यंदा माझ्यासोबत कोल्हापूरचा मावसभाऊ होता. 'बिबे' ऐकल्याबरोबर त्याने ताट मागे सारले. त्याच्या आजीने कधीतरी टाचेच्या भेगांना बिब्बा लावला होता, तो उतला आणि पाय महिनाभर भोगत होता, तेव्हा असली भाजी तो खाणार नाही म्हणाला. काजू आहेत हे पटवून द्यावे लागले. मग प्रश्न निघाला की काजूला बिबो का म्हणतात? आणि 'काजू' हा शब्द तरी आपला आहे का? मोबाइलवर एकाने पाठवले होते की केरळातले विक्रेते 'काशाला आठ' असे ओरडत, त्यावरून इंग्रजीत 'कॅश्यूनट' झाले. हे खरे का?
– एक वाचक, आचरा (ता. मालवण)

उत्तर : सासूबाई चुकल्या नाहीत आणि मावसभाऊही चुकला नाही. बिबो हे मुळात त्याच्याच ओळखीच्या, कातडी जाळणाऱ्या बिब्ब्याचे नाव. काजू पोर्तुगिजांच्या जहाजातून या किनाऱ्यावर उतरला तेव्हा येताना स्वतःचे नाव घेऊन आला, आणि इथे आल्यावर लोकांनी त्याला रानातल्या एका जुन्या झाडाचे नावही दिले. माहेरचे नाव काजू, सासरचे नाव बिबो. गंमत अशी की हेच दुहेरी बारसे युरोपातल्या पंडितांनीही केले आणि आंध्र-कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनीही, एकमेकांना न विचारता. आता एकेक नाव घेऊ.

माहेरचे नाव

काजूचे झाड मूळचे ब्राझीलच्या ईशान्य भागातले. तिथले तुपी भाषा बोलणारे लोक त्याला 'अकाजू' म्हणत. पोर्तुगीज १५०० मध्ये ब्राझीलला पोचले आणि दहाच वर्षांनी, १५१० मध्ये, त्यांनी गोवा घेतला. दोन्ही किनारे एकाच राजाच्या जहाजांनी जोडले गेल्यामुळे झाडे, फळे आणि त्यांची नावे इकडून तिकडे जाऊ लागली. अननसही त्याच वाटेने आला आणि तोही तुपी-ग्वारानी घराण्यातलाच शब्द. म्हणजे आपण एखाद्या शिऱ्यात अननस आणि काजू दोन्ही घातले तर ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचे दोन शब्द एका वाटीत येतात.

पोर्तुगिजांनी 'अकाजू'मधला पहिला 'अ' गाळून 'काजू' केले. त्यांच्या उच्चारातला 'ज' आपल्याहून घर्षणाचा, दातांमागून घासत येणारा. मराठी, कोंकणी, गुजराती, हिंदी यांनी तो सरळ 'ज' करून घेतला. मल्याळममध्ये 'कशु' झाले, तिथे झाडाला 'कशुमावु' म्हणतात. इंग्रजीत 'कॅश्यू' झाले, फिलिपिनोत 'कसॉय' आणि मलाय भाषेत 'गाजुस'. फ्रेंचांनी तेवढा पुढचा 'अ' टिकवला. त्यांच्या 'अकाजू'चा आज मुख्य अर्थ मात्र महोगनीचे लालसर लाकूड असा आहे, आणि खायच्या काजूला ते 'न्वा द काजू' म्हणतात. स्पॅनिश बोलणाऱ्या मध्य अमेरिकेत त्याला 'मारान्योन' म्हणतात, म्हणजे ब्राझीलच्या मारान्याओ प्रांताचे नावच फळाला चिकटले.

तुपी भाषेच्या जुन्या शब्दसंग्रहांत या शब्दाला दुसरा अर्थ आढळतो, तो म्हणजे वर्ष. काजूचा बहर वर्षातून एकदा येतो, म्हणून तिथले लोक वय बहरांत मोजत. आपण 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असे म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. ज्या प्रदेशात जे चुकत नाही, त्यात वर्षे मोजली जातात.

सासरचे नाव

आता बिबो. संस्कृतात 'भल्लातक', हिंदीत 'भिलावा', मराठीत 'बिब्बा' किंवा 'बिबा'. सह्याद्रीच्या आणि विदर्भाच्या रानात हे झाड आपोआप वाढते. चरकसंहितेच्या रसायन प्रकरणात भल्लातकाचे योग आहेत, म्हणजे औषधात त्याची ओळख निदान दोन हजार वर्षांची. त्याच्या टरफलातला काळा तैलरस कातडीला लागला की फोड येतात. त्याच रसाने परीट कपड्यांवर कधीही न धुऊन जाणारी खूण करीत. चांगल्या चाललेल्या कामात कोणी खोडा घातला की 'त्याने बिब्बा घातला' असे आपण म्हणतो, तो याच गुणामुळे.

पण बिब्बा फक्त जाळत नाही. टरफल जपून फोडले की आत पांढरा, गोडसर गर मिळतो. त्याला 'गोडंबी' म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यात बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात ती पडते. शिवाय बिब्ब्याच्या बीवर एक मांसल, पिवळट-केशरी भाग असतो. वाळवून तो 'बिब्ब्याची फुले' या नावाने विकला जातो आणि लोक तो आवडीने खातात.

ही सगळी रचना काजूशी ताडून पाहा. काजूतही बी उघडी, टरफलात कातडी जाळणारे तेल, आत गोड गर, आणि देठाचा भाग फुगून तयार झालेला खाण्यासारखा बोंडू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरे फळ म्हणजे ती राखाडी बीच. बोंडू हा केवळ फुगलेला देठ. बिब्ब्याची फुलेही तशीच. दोन्ही झाडे आंब्याच्या कुळातली, एकमेकांची सख्खी चुलत भावंडे. कोकणातल्या ज्या कुणी पहिल्यांदा काजूची ओली बी फोडली असेल, तिच्या हाताला चीक लागला असेल आणि बोटांची साले निघाली असतील. 'हा तर बिबो!' असे ती म्हणाली असेल तर त्यात अडाणीपणा काहीच नव्हता. तिने कूळ अचूक ओळखले होते. आजही ओले काजू सोलणाऱ्या बायका हाताला खोबरेल किंवा राख फासतात, ती त्याच चिकापासून वाचण्यासाठी.

याला कागदोपत्री आधारही आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. भारतातल्या औषधींवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. त्यात बिब्ब्यावर एक संवाद आहे आणि इथले लोक त्याला 'बिबो' म्हणतात अशी नोंदही आहे. म्हणजे सासूबाईंच्या तोंडचा शब्द, त्याच ओकारान्त रूपात, साडेचारशे वर्षांपूर्वी छापलेला आहे. मात्र ओर्ताच्या पुस्तकात काजूचे प्रकरण नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, क्रिस्तोवाओ द कोस्ता याचे पुस्तक स्पेनमधल्या बुर्गोस शहरी निघाले, त्यात काजू आहे, आणि त्याने तो कोचीच्या बागांत पाहिल्याचे लिहिले आहे. म्हणजे बिबो हे नाव इथे आधीपासून रुळलेले होते आणि काजू मागाहून येऊन त्याखाली बसला. पुढे काजूचे पीक एवढे माजले की गोव्याकडे 'बिबे' म्हटले की आधी ओले काजूगरच आठवतात. घाटावर काजू फारसा नव्हता, तिथे शब्दाचा जुना अर्थ जसाच्या तसा राहिला. तुमच्या ताटावर हे दोन अर्थ समोरासमोर आले एवढेच.

पंडितांचे बारसे

काजूचे शास्त्रीय नाव 'अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले'. कार्ल लिनियसने ते १७५३ मध्ये छापले. बऱ्याच ठिकाणी याचा अर्थ असा सांगतात की 'काळजासारखी बी फळाच्या वर असते म्हणून अनाकार्डियम'. ऐकायला छान, पण नाव काजूपेक्षा कितीतरी जुने आहे. ग्रीक 'कार्दिया' म्हणजे हृदय. मध्ययुगातले युरोपी औषधविक्रेते हृदयाच्या आकाराच्या एका पूर्वेकडच्या बीला 'अनाकार्डियम' म्हणत, आणि ती बी होती आपला बिब्बा. अमेरिकेतून काजू आला तेव्हा त्यांनाही तो बिब्ब्यासारखाच दिसला. मग पूर्वेकडचा अनाकार्डियम आणि पश्चिमेकडचा अनाकार्डियम अशी जोडी झाली. 'ऑक्सिडेंटाले' म्हणजे पश्चिमेकडचा. लिनियसने सगळे नाव पश्चिमेकडच्याला देऊन टाकले. त्याच्या मुलाने नंतर बिब्ब्याला 'सेमेकार्पस अनाकार्डियम' हे नाव दिले. सेमेकार्पस म्हणजे खुणेचे फळ, आपल्या परटाच्या खुणेचे. जर्मन लोकांनी तर दोघांना मिळून 'हत्तीची ऊ' म्हटले. काजू ती पश्चिमेकडची ऊ, बिब्बा पूर्वेकडची.

अरबीत बिब्ब्याला 'बलाधुर' म्हणतात. स्मरणशक्ती वाढावी म्हणून अरब वैद्य तो देत, आणि प्रमाण चुकले तर रोग्याचे डोके फिरे. सिंधवरच्या अरब स्वारीची हकिगत लिहिणारा नवव्या शतकातला इतिहासकार अल्-बलाधुरी याचे आडनाव त्याच्या घराण्यात कुणीतरी बलाधुर जास्त घेतल्यामुळे पडले असे सांगतात. तो इतिहासकार ८९२ मध्ये वारला. तेव्हा बिब्ब्याने नुकसान झाल्याची आठवण फक्त तुमच्या मावसभावाच्या घरी नाही.

शेजाऱ्यांकडे

तेलुगूत काजू म्हणजे 'जीडिमामिडि' आणि काजूगर म्हणजे 'जीडिपप्पु'. जीडि म्हणजे बिब्बा, मामिडि म्हणजे आंबा. एकाच शब्दात त्यांनी दोन्ही नातलग आणून बसवले. कानडीत काजूचे झाड 'गेरु', आणि बिब्ब्याला 'करि गेरु', म्हणजे काळा गेरु. बेळगावच्या बाजारात मिठाईसाठी काजूगर घ्यायला गेलात तर कानडी दुकानदार त्याला 'गोडंबि' म्हणेल. आपली गोडंबी बिब्ब्याची, त्याची काजूची. नागपूरकडची पाहुणी तिथे डिंकाच्या लाडवासाठी गोडंबी मागायला गेली तर तिच्या पिशवीत काजू येतील आणि हिशेब करताना ती दचकेल.

मल्याळममध्ये बिब्ब्यापेक्षा परदेशीपणावर बोट ठेवले. तिथे काजूला 'परंगिमावु' असेही म्हणतात. परंगी म्हणजे फिरंगी, मावु म्हणजे आंब्याचे झाड, अर्थात फिरंग्यांचा आंबा. दुसरे जुने नाव 'कप्पमावु', जहाजातून आलेला आंबा. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा जो सचित्र ग्रंथ सिद्ध केला, त्यात काजूचे चित्र 'कापा-मावा' या नावाने आहे. त्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे कोचीतले तीन कोंकणीभाषक वैद्य होते. १६७५ सालचे त्यांचे नागरी लिपीतले साक्षीपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. म्हणजे काजूच्या त्या नोंदीभोवतीही आपल्याच किनाऱ्यावरून खाली गेलेली माणसे होती.

तमिळनाडूत काजूला 'मुंदिरि' म्हणतात. हाच शब्द केरळात 'मुंतिरि' झाला की त्याचा अर्थ द्राक्ष होतो. पालघाटची हद्द ओलांडताना हे लक्षात ठेवावे. बंगालीत 'हिजली बादाम', मेदिनीपूरच्या हिजली किनाऱ्यावरचा बदाम. फारसीत 'बादाम-ए-हिंदी', ब्राझीलचे फळ पण नाव भारताचे. ब्रह्मदेशात 'सिंहली आंबा' आणि थायलंडमध्ये 'मामुआंग हिम्मफान', म्हणजे पुराणातल्या हिमवंत वनातला आंबा. समुद्राकाठच्या खडकाळ जमिनीत वाढणाऱ्या झाडाला त्यांनी थेट हिमालय दाखवला. इंडोनेशियात 'जांबू मोन्येत', माकडाचे जांब. व्हिएतनामी लोकांनी बीकडे पाहिले आणि 'उलट्या कोयीचे पीच' म्हटले. चिनी 'याओगुओ'तला 'याओ' म्हणजे कंबर किंवा मूत्रपिंड. बीचा बाक पाहूनच ते नाव पडले.

या यादीत एक शिस्त दिसेल. ज्यांच्या रानात बिब्बा होता त्यांनी बिब्ब्याचे नाव दिले. ज्यांच्याकडे तो फारसा वापरात नव्हता त्यांनी आंबा, बदाम, जांब, पीच असे जे ओळखीचे होते ते पुढे केले. आणि ज्यांचा पोर्तुगिजांशी रोजचा संबंध आला त्यांनी मूळ नावच घेतले. सिंधुदुर्ग-गोव्याकडे बिब्ब्याचे रानही जवळ आणि पोर्तुगीजही जवळ, तेरेखोलची खाडी काय ती मध्ये. म्हणून इथे दोन्ही नावे नांदली, आणि त्यांनी कामे वाटून घेतली. झाड काजूचे, दारू काजूची, वाळवून भाजलेला गर काजूचा. कोवळ्या, चिकाने हात खाणाऱ्या बीला मात्र बिबो. ज्या अवस्थेत ती बिब्ब्यासारखी वागते, नेमके त्याच अवस्थेला ते नाव राहिले. सासूबाईंची भाजी त्या कोवळ्या बियांचीच.

आफ्रिकेतला बिबो

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट सांगतो. टांझानियात आणि केनियाच्या किनाऱ्यावर स्वाहिली बोलतात. स्वाहिलीत काजूच्या बीला 'कोरोशो' म्हणतात, आणि बोंडूला 'बिबो'. अनेकवचन 'माबिबो'. दार-एस-सलाम शहरात माबिबो नावाचा एक भागच आहे. नुसता उच्चार जुळला म्हणून शब्दांचे नाते सिद्ध होत नाही, हे खरे. पण इथे उच्चारासोबत वस्तूही तीच आहे आणि येण्याजाण्याची वाटही माहीत आहे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत होता. त्या किनाऱ्यावर काजूही पोर्तुगिजांनीच नेला. गोव्याची माणसे, वैद्य, खलाशी आणि व्यापारी पिढ्यान्पिढ्या तिकडे जात होते. काजू ब्राझीलहून निघाला आणि त्याचे एक नाव कोकणातून पुढे गेले, असे मानायला ही वाट पुरेशी रुंद आहे.

आज उलटी वाहतूक चालते. भारतातल्या काजू कारखान्यांना इथली बी पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून कच्ची बी आणावी लागते, आणि टांझानिया हा त्यातला एक मोठा पुरवठादार. कोरोशो म्हणून निघालेली पोती बंदरावर उतरून काजू होतात. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने मात्र या झाडाला तिसरेच नाव मिळवून दिले. १९८१ मधली 'वेंगुर्ला-४' आणि १९९७ मधली, मोठ्या बीची 'वेंगुर्ला-७' या जाती बागायतदारांत इतक्या रुळल्या की कलमे घ्यायला गेलेला माणूस रोपवाटिकेत 'वेंगुर्ला चार' की 'वेंगुर्ला सात' एवढेच विचारतो. काजू हा शब्द उच्चारण्याची गरजच उरत नाही.

काशाला आठ

आता मोबाइलवरची गोष्ट. तमिळ-मल्याळममध्ये 'काशु' म्हणजे नाणे, पैसा, आणि 'एट्टु' म्हणजे आठ. 'काशिनु एट्टु', पैशाला आठ, हे विक्रेत्याचे ओरडणे ऐकून साहेबाने 'कॅश्यूनट' लिहून घेतले, अशी ती कथा. रचणाऱ्याचे कौतुक करावे आणि पुढे पाठवू नये. कोस्ताच्या १५७८ च्या पुस्तकात हे फळ 'काजू' याच नावाने आले आहे, आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० मध्ये. ज्या साहेबाने कोल्लमच्या बाजारात शब्द ऐकला म्हणतात, त्याच्या आजोबांच्या काळातच तो युरोपात छापून झाला होता. शिवाय ब्राझीलमध्ये काशु नावाचे नाणे नव्हते, पण काजू होता. शब्दाची गोष्ट कितीही गोड असली तरी ती खरी मानण्याआधी तारखा मांडून पाहाव्यात. निम्म्या गोष्टी तिथेच गळतात.

तर थोडक्यात : 'काजू' हा ब्राझीलच्या तुपी भाषेतला, पोर्तुगिजांनी आणलेला शब्द. 'बिबो' हा इथला, त्याहून जुना, आणि मुळात बिब्ब्याचा. दोन्ही आता आपलेच. पेडण्याला जाल तेव्हा मावसभावाला पोटभर बिबे खाऊ घाला. कोल्हापुरात मात्र काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन भाजीसाठी पाव किलो बिबे मागू नका.